पंगतीतली खुर्ची

वरण-बट्टी हा खुर्चीत बसून खायचा पदार्थ नव्हे. खानदेशाबाहेरच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. बट्टी म्हणजे कणकेचा कडक गोळा, तो कुस्करायला खाली घट्ट जमीन लागते. पत्रावळीतली बट्टी तळहाताच्या जोरावर फोडायची, वाढप्याकडून तुपाची धार घ्यायची, मग वरण, आणि ते पत्रावळीबाहेर पळायच्या आत त्याला बट्टीच्याच चुऱ्याचा बांध घालायचा. शेजारी घोटलेली वांग्याची भाजी. हे सगळं मांडीवर ताट ठेवून करून बघा. पहिल्याच दाबाला ताट कलंडतं. माझ्या दोन चांगल्या साड्यांवर हळदीचे डाग आहेत, आणि दोन्ही दुसऱ्यांच्या हळदी-लग्नांतले आहेत.

अकरा वर्षं झाली, मी पंगतीत खुर्चीवर बसते. माझ्या डाव्या मांडीच्या हाडाचा खालचा भाग आणि गुडघा माझा नाही. तिथे धातूचा दांडा आणि बिजागरीसारखा सांधा आहे. तो साधारण काटकोनापर्यंत वाकतो, पुढे नाही. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, पळायचं नाही, उडी मारायची नाही. शहरातल्या माणसाला ही यादी फार जाचक वाटणार नाही. त्याचं सगळं आयुष्य खुर्चीच्या उंचीवरच चाललेलं असतं. पण आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावात जे जे महत्त्वाचं ते जमिनीवर होतं. जेवण जमिनीवर, पूजा जमिनीवर. बिबडे (ज्वारीचे पापड) थापणं, बाळंतिणीजवळ बसणं, मयताजवळ बसणं, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही हे कळतं तेही ओट्यावर पाय दुमडून बसलेल्या बायकांतच. चार फुटांवरून ऐकलं तर निम्मंच ऐकू येतं. (माझ्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे, त्याकडे येते.)

कॅन्सरमधून वाचलेल्या तरुण माणसाने पुढे कसं जगावं हे सांगणारे भरपूर भेटतात. त्यात सकारात्मक विचार असतो, गव्हांकुराचा रस असतो, एखादा बाबा असतो. खुर्चीबद्दल कुणी बोलत नाही.

२०१४ साली मी वीस वर्षांची होते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच झाली होती. गुडघा फेब्रुवारीपासूनच दुखत होता. दिवसा कामात विसरायला व्हायचं, रात्री मात्र कुणी आतून किसणी फिरवतंय असं वाटायचं. आखाजी (अक्षय्य तृतीया) आली. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीपेक्षा थोरली. सासरच्या मुली माहेरी येतात, कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधतात, दुपारभर गाणी आणि रात्री पुन्हा गाणी. त्या झोक्यावरून मी पडले. डावा गुडघा सुजला आणि सुजलेलाच राहिला. हळद-तुरटीचा लेप झाला. मालिश करणाऱ्या एका आजोबांनी दोन दिवस असा काही रगडला की तिसऱ्या दिवशी मी त्यांना पाहून घरात लपले. जुलैत जळगावला एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ खाली आणलाच नाही. हाडातून बाहेर बारीक रेषा फुटल्या होत्या, लहान मुलं सूर्याला काढतात तशा. ते म्हणाले, "इथे कुणाकडून गाठीला सुई लावून घेऊ नका. तुकडा काढायचा तर जिथे ऑपरेशन होणार तिथेच. परळला जा." या एका वाक्याबद्दल मी त्या माणसाची आजही ऋणी आहे.

मायने त्या वर्षी लिंबावरचा झोका स्वतः विळ्याने कापला. तिच्या लेखी सगळं त्या पडण्यानेच झालं होतं. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे माझा हा हाडाचा कॅन्सर, मार लागल्याने होत नाही, हे तिला मी कितीदा सांगितलं असेल. तो बहुतेक वाढीच्या वयात होतो, आणि हाडं जिथे सर्वांत वेगाने वाढतात तिथे, म्हणजे गुडघ्याच्या वर-खाली, जास्त होतो. मार फक्त लक्ष वेधतो. उलट मी पडले नसते तर आम्ही आणखी दोन-तीन महिने "थकवा असेल" म्हणत काढले असते. झोक्याने मला पाडलं म्हणून मी वाचले असं म्हटलं तरी चालेल. माय हे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तरी बी."

परळच्या टाटा हॉस्पिटलचं सगळं सांगत बसत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना न पाहायला मिळो. राजीव गांधी जीवनदायी योजना आमच्या जिल्ह्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये, म्हणजे आठच महिने आधी, लागू झाली होती (आता तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे). केशरी रेशन कार्डाचं मोल त्या वर्षी कळलं. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ आणि सोबतच्याला पाऊण सवलत. नाना, म्हणजे माझे वडील, फलाटावर हिशेब सांगायचे, "तुनं तिकीट फुकट, मनं चार आना." रात्री जळगावला गाडी पकडायची, पहाटे दादर. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथे बिहार, बंगाल, आसामातली माणसं शेजारी शेजारी पथारी टाकून. आधी केमोथेरपीच्या चार फेऱ्या, मग ऑपरेशन, मग पुन्हा चार. ॲड्रियामायसिन, म्हणजे ते लाल औषध, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड. आजही रसना सरबताचा लाल रंग पाहिला की माझ्या तोंडाला धातूची चव येते.

ऑपरेशनआधी सर्जननी नानांना बसवून सांगितलं की गाठ नसांपासून सुटी आहे, पाय ठेवता येईल, भारतात बनलेला सांधा बसवू. मग सगळ्या बंधनांची यादी वाचली. नानांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "म्हणजे खाली बसून जेवता येणार नाही?" डॉक्टर नाही म्हणाले. नाना म्हणाले, "चालेल साहेब. खुर्ची आणू."

आणि आणली. आम्ही गावी परतलो त्या आठवड्यात ते अमळनेरच्या बाजारातून मरून रंगाची प्लॅस्टिकची खुर्ची मोटारसायकलच्या मागे उलटी बांधून घेऊन आले. कुठेही जायचं असलं की खुर्ची सोबत. नातलगाचं लग्न, कानबाईचे (आमच्याकडच्या देवीचे) रोट, सत्यनारायण. आम्ही पोचायच्या आधी लोकांना खुर्ची दिसायची. मला तिचा इतका राग यायचा की एकदा मी ती गोठ्यामागे लपवून ठेवली, आणि त्या दिवशी मावसभावाच्या साखरपुड्यात तीन तास उभी राहिले. पाय सुजून रात्री झोप नाही. नाना काही बोलले नाहीत. सकाळी खुर्ची धुवून अंगणात ठेवलेली होती.

लोक म्हणतात, "तू कॅन्सरला हरवलंस." मला हे वाक्य कधी अंगाला बसलं नाही. मी खाटेवर पडून होते, औषधाने काम केलं. कापून काढलेलं हाड तपासतात आणि केमोने किती टक्के गाठ मेली ते रिपोर्टात लिहितात. नव्वदच्या वर असेल तर चांगलं. माझा आकडा ९६ होता. आयुष्यात मला मिळालेले हे सर्वांत जास्त टक्के, बी.एस्सी.ला ६१ होते. त्यासाठी मी काय केलं? काहीच नाही. १९७० च्या आधी याच आजारात पाय कापत आणि तरीही पाचातले चार जण फुप्फुसात गाठी होऊन जात. आज आजार वेळेत, एका जागी असताना सापडला तर तिघांतले दोघे वाचतात. मधल्या काळात पेशंट जास्त शूर झाले असं काही नाही, औषधं आली. कॅनडाचा टेरी फॉक्स हाच आजार घेऊन १९८० साली एका कृत्रिम पायावर ५,३७३ किलोमीटर धावला आणि पुढच्या वर्षी बावीसाव्या वर्षी गेला. वॉर्डात एकाने मला त्याची गोष्ट धीर देण्यासाठी सांगितली होती. मला फक्त एवढंच सुचलं की मला तर धावायची परवानगीच नाही.

वॉर्डात धडगावकडचा एक मुलगा होता. सतरा वर्षांचा, नर्मदेच्या काठच्या पाड्यातला, पावरी बोलणारा. आमची भाषा धड जुळायची नाही, पण दोघेही 'खानदेशचे' म्हणून नर्सने आम्हाला नातलगच करून टाकलं होतं. त्याच्या आईने मला एकदा भाजलेले महू (मोहाची फुलं) दिले होते कागदाच्या पुडीत. २०१६ पर्यंत तो फोन उचलायचा. मग फोन लागेनासा झाला. नंबर माझ्याकडे आहे अजून. धडगाव काही चंद्रावर नाही, एस.टी. जाते. मी गेले नाही. का गेले नाही ते मला माहीत आहे, आणि ज्याला असा एखादा नंबर डिलीट करता येत नाही त्यालाही माहीत असेल.

२०१७ च्या हिवाळ्यात मोठी माय, म्हणजे आजी, वारली. मी आजारी असताना ती कानबाईला काय काय नवस बोलली होती देव जाणे, मी परत आले तेव्हा आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली होती, "वाचनी व माय, मनी पोर वाचनी!" तिला अंगणात ठेवलं होतं. बायका गोल करून जमिनीवर बसलेल्या. मी दाराशी उभी. खुर्ची घेऊन आत जावं तर मयताच्या वर बसल्यासारखं होणार. खाली बसावं तर पाय लांब करावा लागणार, तोही तिच्या दिशेने, आणि उठवायला दोन माणसं लागणार. तेवढ्यात एक बाई दुसरीला म्हणाली, "दखी का, उभीच शे, आजी गई तरी." हळू म्हणाली होती, पण अशी वाक्यं माझ्या अधू कानांनाही बरोबर ऐकू येतात.

फुईने, म्हणजे आत्याने, मान वर केली. तिने रडणं थांबवलं नाही, रडता रडताच हाक मारली, "खुर्ची आन व. आठे ठेव, मायना पायजवळ." बायका सरकल्या. मी खुर्चीत बसले, पुढे वाकले, आणि माझा हात बरोबर मोठ्या मायच्या पायांपर्यंत पोचला. जोडव्यांच्या जागी बोटांना पांढरे वळ होते. मी तासभर ते पाय धरून बसले. त्या तासात खुर्ची होती की नव्हती हे मला आठवत नाही.

नाना ती खुर्ची मागे बांधून हिंडले त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला. मी तोवर समजत होते की बरं होणं म्हणजे एक दिवस खुर्ची लागणार नाही. तो दिवस येणारच नव्हता, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकणारे नाना होते, मी नव्हते. खुर्ची टाळून मी जमिनीवर काही पोचत नव्हते, फक्त दाराशी उभी राहत होते. त्यानंतर मी खुर्ची मागायला लागले. तोंडाने, मोठ्याने, "माफ करा" न म्हणता. सुरुवातीला आवाज रडवेला यायचा. आता गावातली पोरं मी दिसले की न सांगता खुर्ची ओढतात, आणि एखादा अतिउत्साही दोन आणतो.

आता मी जळगावात एका शाळेत विज्ञान शिकवते. फळ्याजवळ उंच स्टूल आहे. तासाला उभी-बसती असते. पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकते, नाहीतर ती आपापसांत याहून भयंकर काहीतरी रचतात. सहावीत चुंबक शिकवताना एक मुलगा घरून फ्रीजचं चुंबक घेऊन आला. मधल्या सुट्टीत हळूच म्हणाला, "मॅडम, लावून बघू?" बघितलं. चिकटलं नाही, सांध्यात साधं लोखंड नसतंच. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वर्गाला फसवत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात बातमी, मॅडमचा पाय डुप्लिकेट आहे. मी चुंबकीय आणि अचुंबकीय धातूंचा धडा त्यावरच घेतला. तो धडा त्या वर्गातलं कुणी विसरेल असं वाटत नाही.

अपंगत्वाच्या दाखल्याचंही टक्क्यांवरच असतं. ४० च्या वर असतील तर उपयोग. तपासायला बसलेल्या एकांनी मला "खाली बसून दाखवा" असं सांगितलं. मी म्हटलं, "तेच तर येत नाही." "प्रयत्न करा." हा संवाद तीनदा झाला. शेवटी दाखला मिळाला, आणि एस.टी.त पाऊण तिकीट माफ झालं. २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे कंडक्टर माझ्याकडे बघून आधी अर्धंच फाडतो. मी कार्ड काढते. मग तो पायाकडे बघतो, मग चेहऱ्याकडे. धडधाकट दिसण्याचा एवढाच तोटा.

औषधांनीही आपलं भाडं वसूल केलं आहे. सिस्प्लॅटिनने कानाचे वरचे सूर नेले. पाखरांचा किलबिलाट मला ऐकू येत नाही, त्याऐवजी रातकिड्यासारखी एक किर्र कायम चालू असते. लाल औषधाचा आयुष्यभराचा कोटा ठरलेला असतो, कारण ते हृदयाच्या स्नायूंना झिजवतं. म्हणून अधूनमधून हृदयाचा इको, आणि मूत्रपिंडांसाठी रक्तात क्रिएटिनिन. पायात कुठेही जखम, फोड, दातात पू, काहीही झालं तरी ताबडतोब डॉक्टर. जंतू रक्तातून सांध्याच्या धातूवर जाऊन बसले तर काढणं अवघड. काट्यावर पाय पडला तर आमच्या गावात सुईने काढतात आणि चुना लावतात. मी दवाखान्यात जाते, आणि लोक हसतात.

लग्नाचं थोडक्यात. दोन स्थळं आली, दोन्हींना आधीच सगळं सांगितलं. एक गप्प झाले. दुसऱ्यांनी मुलं होतील का विचारलं, मी म्हटलं होऊ शकतात, खात्री कुणाचीच नसते. तेही गप्प झाले. तिसऱ्याची मी वाट पाहत बसलेले नाही. यावर मायचं आणि माझं एकमत नाही आणि व्हायची चिन्हं नाहीत.

आणि भीती. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. हा आजार परत आला तर बहुतेक फुप्फुसात येतो. जानेवारीत जळगावची धूळ आणि थंडी एकत्र होते, सगळा वर्ग खोकतो. मी खोकले की फोनवर माय गप्प होते. मलाही माहीत असतं ती का गप्प झाली. मग ती विचारते, "भरीत खाधं का?" मी म्हणते, खाल्लं, आसोद्याची वांगी होती, कांद्याची पात घालून. ती वांग्याचा भाव विचारते. भीतीवर आमच्या घरात यापलीकडे चर्चा झालेली नाही, आणि मला वाटतं ती पुरेशी आहे.

मागच्या आखाजीला गावी गेले तेव्हा लिंबाला झोका होता. मायनेच बांधायला लावला होता, फळी नवी, दोर नायलॉनचा. "पोरीसोरी मागी राह्यन्यात," असं तिने मला न विचारताच सांगितलं. संध्याकाळी पोरी पांगल्यावर मी बसले. झोक्यावर बसायला मांडी लागत नाही, पाय लोंबकळतातच. डावा पाय सरळ पुढे काढला आणि उजव्याने जमीन ढकलली. माय ओट्यावरून पाहत होती. तिच्या हातातलं सूप हलायचं थांबलं होतं. मी फार उंच नेला नाही.

तीनच आठवड्यांनी चुलत भावाचं लग्न झालं. आमच्याकडे आता पंगतीत खुर्च्यांची एक वेगळी रांग लागते, भिंतीकडेला. नानांच्या पिढीतल्या बायकांचे गुडघे गेलेत. आयुष्यभर कापूस वेचून आणि पाणी वाहून जातील नाही तर काय. त्या रांगेत सगळ्या पासष्टीच्या पुढच्या आणि मधे मी एकतिशीची. त्यांच्या गप्पा मला पाठ झाल्यात. कुणाला कुठल्या तेलाने फरक पडला, कुणाचं ऑपरेशन धुळ्याला झालं. मी त्यांना जिना चढायची युक्ती शिकवली आहे, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. त्या मला मानतात.

त्या दिवशी मी टोकाच्या खुर्चीवर बसले होते. एक म्हातारी काठी टेकत आली. नवरीकडची असावी, मी ओळखलं नाही, तिने तर मला नाहीच. खुर्च्या सगळ्या भरलेल्या. तिने रांगेवर नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबली.

"ऊठ व पोरी. तू तं जवान शे. माले बठू दे, गुडघा गंज दुखस."

शेजारची फुई काही बोलणार होती. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि उठले. भिंतीला टेकून उभी राहिले. म्हातारी बसली, पदर सावरला, पत्रावळ मांडीवर घेतली. बट्टी आली. तिने तळहाताने दाबली तशी पत्रावळ कलली आणि ती ओरडली, "आवं, ताट धर ना जरासं!"

मी वाकून पत्रावळ दोन्ही हातांनी खालून धरली.

"घट्ट धर," ती म्हणाली, आणि बट्टी फोडली.